रोजनिशीच्या वह्या वाहणारी पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. रंग उडालाय, एक बंद दुसऱ्यापेक्षा लांब झालाय, तळाला ठिगळ आहे. पण ओझं पेलायचं म्हणाल तर अजून मीच. त्या चकचकीत पर्सांत चार वह्या कोंबून बघा, लगेच चेन तोंड वासते. मिरवायला ठीक आहेत त्या.

मला शिवलं बाईंच्या सासूबाईंनी. तंबूच्या जाड कापडाचा तुकडा उरला होता, तो त्यांनी यंत्राखाली घातला आणि म्हणाल्या, "भाजीला होईल." पण त्यांची सून शाळेत मुलांना इंग्रजी शिकवायची. तिने मला ओढून बघितलं, उलटी केली, शिवण तपासली.

"आई, ही मला द्या. वह्या पेलणारी पिशवी बाजारात मिळत नाही."

"घे. पण जमिनीवर आपटू नकोस, हात दुखलेत माझे."

तेव्हापासून मी कांदेबटाटे नाही, पोरांची अक्षरं वाहिली. ह्याचा मला ताठा आहे. असू दे.

मला वाचता येत नाही. पण संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाई वह्या तपासायला बसत, तेव्हा मी त्यांच्या खुर्चीला टांगलेली असे. समोर सासूबाई भाजी निवडत. त्यांना गप्प बसवत नसे. "काय लिहिलंय गं कार्ट्यांनी?" मग बाई इंग्रजीतलं आपल्या भाषेत सांगत. तेवढीच माझी शाळा.

वर्गातल्या प्रत्येकाने इंग्रजीत रोजनिशी लिहायची, ही कल्पना बाईंचीच. चार ओळी लिहा, पण स्वतःच्या लिहा. सुरुवातीला पोरांनी काय काय लिहिलं! कुणाच्या आजोबांची कवळी मांजराने पळवली, कुणाच्या मावशीने लग्नाला नकार दिला. वह्या माझ्यात मावत नव्हत्या, तरी मला जड वाटल्या नाहीत.

पण शाळेचा नियम होता. वहीतली प्रत्येक चूक लाल शाईने गोल करायची. मुख्याध्यापिका अधूनमधून एखादी वही उचलत, आणि एक चूक जरी सुटलेली दिसली तरी बाईंनी वही तपासलीच नाही असं धरत. मग बाई गोल करत सुटल्या. पोरं काही बावळट नसतात. जितके शब्द कमी तितकं लाल कमी, हे त्यांना लगेच उमगलं. कवळी गेली, मावशी गेली. उरलं काय? सकाळी उठलो. दात घासले. शाळेत गेलो. झोपलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"ह्यांच्या घरी दुसरं काही घडतच नाही का?" बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"दात घासतात एवढं तरी कळलं," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या वेळी ह्याचीसुद्धा खात्री नव्हती."

ह्यात एकच पोर अशी की जिला ही लबाडी जमली नाही. नळ दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. वर्गात ती इंग्रजी बोलायला उठत नसे, म्हणून पोरांनी तिला मौनी नाव ठेवलं होतं. मनात येईल ते ती लिहायची, आणि तिचं पान गोवर उठल्यासारखं लाल होऊन परत जायचं. मीच नेत होते ना ते. लाज वाटायची.

एका आठवड्यात तिची वही माझ्यात आलीच नाही. बाईंनी तिला वर्गातल्या टेबलाशी बोलावलं.

"वही कुठंय गं?"

"मी नाही लिहिणार आता."

"अगं, चुका सगळ्यांच्याच होतात."

"नाही. त्यांच्या होत नाहीत. माझ्याच होतात."

त्याच दुपारी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तिला पुढच्या वर्षी खालच्या तुकडीत टाकू." खालची तुकडी म्हणजे फळ्यावरचं इंग्रजी वहीत उतरवायचं आणि घरी जायचं. तिथे गेलेलं पोर कधी वर आलेलं मी पाहिलं नाही. वर्षअखेरीच्या परीक्षेत पास झाली तरच ती वर राहणार होती, आणि तिने तर लिहिणंच सोडलं होतं. बाईंनी तिला हातापाया पडल्यासारखं विनवलं, "अजून एकदा लिही. दोन ओळी. माझ्यासाठी."

तिने लिहिलं. त्या दिवशी पालकांची सभा होती. कुणी म्हणालं अभ्यास फार देता, कुणी म्हणालं देतच नाही. बाई घरी आल्या त्या पिळून काढलेल्या फडक्यासारख्या, आणि लाल पेन शाळेतच राहिलेलं. असं झालं की त्यांची एक पद्धत होती. संध्याकाळी पेन्सिलीने खुणा करायच्या, सकाळी त्या लालने गिरवायच्या आणि पेन्सिल पुसून टाकायची. त्यांनी सासूबाईंची सामानाच्या यादीची पेन्सिल घेतली आणि मौनीची वही उघडली.

तिने लिहिलं होतं की बाबा एका घराखाली शिरून पाइप जोडत होते. नखशिखांत भिजून घरी आले. आईने त्यांना दारातच उभं केलं, आत पाऊल टाकू देईना. सगळे हसले, बाबाही हसले. मग बाबा गप्प बसले.

"गप्प का बसला?" सासूबाईंचा हात भाजीवरच थांबला.

"तेवढंच लिहिलंय."

"अगं, मग विचार की तिला! अर्ध्यावर सोडते म्हणजे काय!"

भोचकपणा हो, दुसरं काय. पण बाईंच्यात त्या दिवशी गोल काढायचंही त्राण नव्हतं. त्यांनी तो प्रश्न पेन्सिलीने खाली लिहिला. पुढच्या वहीतल्या दात घासणाऱ्याला सासूबाईंनी विचारलं, "मोरीत आधी शिरायला कुणाशी भांडतोस?"

"आई, हे लिहू मी?"

"पेन्सिलीचंच तर आहे. सकाळी पूस."

सकाळी बाईंना उठायलाच उशीर झाला. पुसायचं राहिलं, लाल तर नव्हतंच. वर्गात गेल्या गेल्या एका मुलाने माझ्यातून वह्या उपसल्या आणि वाटूनही टाकल्या. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पोरं पानं उलटून बघत राहिली. चुका होत्या तशाच होत्या आणि प्रत्येकाच्या पानाखाली बाईंचा प्रश्न.

पुढच्या खेपेला वह्या आल्या तेव्हा पानं भरलेली. दात घासणाऱ्याने थोरल्या भावाशी चाललेलं अख्खं महायुद्ध लिहिलं होतं. मौनीनेही लिहिलं होतं. बाबा गप्प बसले, कारण दिवसभर त्या घराचं पाणी जोडूनही तिथे कुणी त्यांना प्यायला पाणी विचारलं नाही. मोडक्यातोडक्या शब्दांत लिहिलं होतं, पण लिहिलं होतं. बाई पेन्सिल हातात धरून बसल्या. सासूबाईंनी उठून त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. आमच्या घरात हे नवलच.

मग व्हायचं ते झालंच. मुख्याध्यापिकांनी नेमकी तीच वही उचलली.

"ह्या चुका तुम्हाला दिसत नाहीत?"

"सगळ्या दिसतात."

"मग लाल कुठंय?"

"मॅडम, तिने लिहिलंच नाही तर लाल कशावर करू? प्रत्येक वेळी एकच चूक सांगीन. ती पुढच्या पानावर सुधारून घेईन."

"आणि परीक्षेत नापास झाली तर?"

"तर मला बोला. तिला नको."

मुख्याध्यापिकांनी ते पान वाचलं. विरघळल्या वगैरे नाहीत. वही मिटून म्हणाल्या, "परीक्षेपर्यंत बघते."

तुम्हाला वाटेल, इथून सगळं गोड झालं. कसलं गोड! गोल काढायला वेळ लागत नाही हो, विचारपूस करायला लागतो. वह्या फुगल्या, माझी शिवण कुरकुरायला लागली, बाईंचा खांदा उतरला. आमटी करपली, नवऱ्याने ती मुकाट्याने खाल्ली. रोज संध्याकाळी मला वाटायचं, पुरे झालं, आपण भाजीच आणलेली बरी होती. खोटं कशाला बोलू?

परीक्षा झाली. मौनी पास झाली. पहिली-बिहिली नाही, जेमतेम. पण वरच्या तुकडीत राहिली. शेवटच्या आठवड्याच्या वह्या मी घरी आणल्या. बाईंनी तिची वही उघडली आणि वाचता वाचता थांबल्या.

"काय लिहिलंय?" सासूबाईंनी मान लांब केली.

"लिहिलंय, बाई, तुम्ही आम्हाला सगळ्यांना विचारता. तुम्हाला कोण विचारतं? तुम्ही दमता का?"

सासूबाईंनी पेन्सिल बाईंपुढे सरकवली.

"दे उत्तर," सासूबाई म्हणाल्या. "आणि खरं दे."

बाईंनी लिहिलं आणि सवयीने आपल्या भाषेत पुटपुटत लिहिलं, म्हणून मला कळलं. "हो, दमले आहे. खूप दमले आहे. पण तुझी वही वाचायची होती, म्हणून अजून आडवी झाले नाही."

तर मित्रांनो, माझं मागणं फार नाही. पिशवी जमिनीवर आपटू नका, तिलाही जीव असतो. कुणी चार ओळी लिहून तुमच्या हातात दिल्या, तर आधी त्या वाचा, मग चुका काढा. आणि तुमच्या पानाखाली कुणी प्रश्न लिहिला असेल, तर तो तसाच सोडून झोपू नका. तो विचारायला कुणीतरी दमलेलं माणूस जागं बसलं होतं.