बाईंचा आवाज आणि मुंगीचा बंट

खेळाच्या बाईंचा आवाज शाळेच्या घंटेपेक्षा मोठा, असं सगळी शाळा म्हणायची. मैदानाच्या टोकाला उभं राहून त्या ओरडल्या की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा ब्रेक दाबायचा. मुलींचा सॉफ्टबॉल संघ त्यांनी त्याच आवाजावर वाढवला होता. "पळ! थांब! घसर! माघारी फीर!" मुली बेसवरून बेसवर धावायच्या त्या बाईंच्या घशाच्या जोरावर.

आणि नेमका घशानेच दगा दिला. गळ्यात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली, जिवावरचं बोटावर निभावलं. पण आवाजाची नस दुखावली ती दुखावलीच. "बोलाल हळूहळू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण ओरडायचं मात्र विसरा."

सुट्टी संपवून बाई आल्या त्या थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत. टेबलावर वाकून कुजबुजल्या, "संघ दुसऱ्या कुणाला द्या, सर. मुकी कोच काय कामाची?"

सर उत्तर देणार तोच दार धाडकन उघडलं आणि दाराला कान लावून उभी असलेली मुंगी तोल जाऊन आत पडली. मुंगी म्हणजे संघातली सगळ्यात बुटकी मुलगी. नाव याच संघातून खेळून गेलेल्या तिच्या ताईने ठेवलेलं, आणि चावरं बोलण्यामुळे ते तिला शोभायचंही.

"दुसरं कुणी आलं तर मी नाही खेळणार," गुडघे झाडत ती म्हणाली. "आणि बाई, तुम्ही ओरडायचात ना, तेव्हा घाबरून मला तसंही काही ऐकू यायचं नाही."

हसू लपवायला सर खिडकीकडे वळले. बाईंना रागवावं की रडावं कळेना. दुसऱ्या दिवशी त्या मैदानावर हजर होत्या.

लांबून हुकूम सोडणं आता संपलं. प्रत्येकीजवळ जायचं, मनगट धरायचं, कानाशी बोलायचं. संघात अंगापिंडाने भरलेल्या मुली दोनच, बाकी सगळ्या काड्या. त्यांनी चेंडू कुंपणापार मारावा म्हणणं म्हणजे वाळू रगडून तेल काढणं. म्हणून बाईंनी बंट घोटून घ्यायचं ठरवलं. बॅट फिरवायचीच नाही, चेंडू नुसता समोर टेकवायचा आणि जीव घेऊन पळत सुटायचं.

मुंगीचं तोंड एवढंसं झालं. "हा तर घाबरटपणा. मला ताईसारखं मारायचंय."

तिचे वडील बस चालवायचे. पाळी संपली की गणवेशातच कुंपणाशी येऊन उभे राहायचे. लेकीची बाजू घेत ते म्हणाले, "बाई, बॅट दिलीय ती मारायलाच ना?"

बाई कुंपणापर्यंत चालत गेल्या, कारण तिथून बोलून काही पोचलं नसतं. "लांब मारलेला चेंडू झेलायला त्यांच्या तीन मुली मागे उभ्याच असतात, दादा. टेकवलेला उचलायला पुढे धावत यावं लागतं. घाईत माणूस चुकतो."

"आमच्या धंद्यातही तेच आहे," दादा म्हणाले.

जिथून मारायचं आणि तिन्ही बेस फिरून धाव पुरी करायला जिथे परतायचं, त्या होम प्लेटच्या पुढ्यात बाईंनी फाटकं ब्लँकेट अंथरलं. चेंडू त्यावर थांबला पाहिजे. "वरचा हात बॅटवर पुढे सरकव. बोटं मागे, नाहीतर चेचतील. चेंडू खाली आला तर गुडघे वाकव, बॅट नको. झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवतात ना, तसा ठेव." मुंगीचं मूल पहिले कित्येक दिवस अंथरुणावरून गडगडत कुंपणात जायचं.

पळण्याचा नियम एकच. "माझ्या हुकमाची वाट बघू नका, चेंडूकडे बघा. मी दोन्ही हात वर केले तरच थांबायचं. नाहीतर पुढचा बेस तुमचा." सुरुवातीला नुसता गोंधळ. एकाच बेसवर दोघी उभ्या आणि दोघी म्हणायच्या, मी आधी! शिडी म्हणून ओळखली जाणारी उंच कप्तान घसरण्याच्या सरावात कोपर सोलून घ्यायची, फुंकर मारायची आणि पुन्हा रांगेत उभी राहायची. मग हळूहळू मुलींच्या माना बाईंकडे वळेनाशा झाल्या. कुणाचा हात कच्चा, कोण चेंडू उचलताना अडखळते, हे त्या आपापसांत बोलू लागल्या. बाई बाजूला उभ्या राहून ऐकायच्या आणि त्यांचा ऊर भरून यायचा.

उपांत्य सामन्यात शेवटच्या डावापर्यंत बरोबरी होती, आता एक धाव झाली की सामना खिशात. एक मुलगी बाद झालेली, शिडी दुसऱ्या बेसवर, बॅट मुंगीच्या हातात. बाई तिसऱ्या बेसजवळ. पहिला चेंडू मुंगीने रेषेबाहेर घालवला. दुसरा टेकवला तो असा, की चार पावलं लोळला आणि निमूट बसला.

समोरच्या संघाची तिसऱ्या बेसवरची मुलगी धावत पुढे आली, चेंडू उचलून तिने पहिल्या बेसकडे फेकला. मुंगी केसभराने बाद. पण तिसरा बेस मोकळा पडला होता, आणि शिडी त्यावर पाय देऊन होमकडे वळत होती. 'थांब!' बाईंच्या मनात आलं. शब्द घशापर्यंत आला आणि तिथेच राहिला. हात वर जाईपर्यंत शिडी वाऱ्यासारखी पुढे निघून गेली होती. पहिल्या बेसवरून चेंडू घाईघाईने परत आला, टप्पा पडून उसळला, आणि त्याखालून शिडी घसरत होमवर पोचली.

"जिंकलो!" मुंगी धावत येऊन बाईंच्या कमरेला बिलगली. "बाई, मी बाद झाले तरी जिंकलो!"

"तू बाद झालीस म्हणूनच," बाई तिच्या कानात म्हणाल्या. कुंपणाशी बसवाले दादा टोपी काढून उभे होते.

दुसऱ्या दिवशीचा अंतिम सामना मुली हरल्या, अगदी सपाटून. रडल्या, मग आइस्क्रीम खाऊन हसल्या.

बाई घरी आल्या तेव्हा नवरा भांडी घासत होता. "काय झालं?" त्याने विचारलं. त्या हरलेल्या सामन्याबद्दल बोलल्याच नाहीत. आदल्या दिवशीचा बंटच पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. त्याने नळ बंद केला, पंखा बंद केला, ओले हात तसेच ठेवून जवळ येऊन बसला.

"मी ओरडू शकले असते ना, तर तिला थांबवलं असतं रे," बाई म्हणाल्या. "पोरींनी मला सांभाळून घेतलं बघ."

"मग पुढे?" तो म्हणाला. "शिडी वळली, मग?"