जांभळी जीभ

“जीभ दाखव,” मुलगी म्हणाली आणि तुतींची पिशवी तिने पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवली.

आईने डोळे मिटून जीभ बाहेर काढली. चांगली जांभळी होती.

“झालं समाधान, पोलीसबाई? लहानपणी मी तुझी तपासायची. औषध बेसिनमध्ये ओतायचीस आणि वर माझ्याच गळ्याची शपथ घ्यायचीस.”

प्रयोगशाळेत मुलीचं काम तुतींचंच. काळ्या तुती वाटायच्या, त्यांतला जांभळा रंग वेगळा काढायचा आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकायचा. पेशी मरायच्या. पण बशीत काय, त्या पुष्कळ गोष्टींनी मरतात. माणसाच्या पोटात गेल्यावर त्या रंगाचं काय होतं, हे अजून कुणालाच धड माहीत नव्हतं. हे ती विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगायची. आणि डॉक्टरांनी आईचे उपचार थांबवले तेव्हापासून दर रविवारी स्वतःच पिशवी भरून आणायची. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे बुडत होती एक आणि काडी घट्ट धरली होती दुसरीनेच.

निघताना बाबा तिच्या हातात जॅमची बरणी द्यायचे. “उरलेल्या तुतींचा केलाय. तुझी आई म्हणाली, वाया कशाला घालवायच्या?” उरलेल्या चार तुतींचा बरणीभर जॅम कसा होतो, हे ग्रॅमच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला कधी सुचलं नाही. ती तो रोज सकाळी पावाला लावून खायची.

त्या रविवारी ती तासभर लवकर आली. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात बाबा पाठमोरे उभे राहून पातेलं ढवळत होते, आणि ओट्यावर तिची मागच्या आठवड्याची पिशवी पडली होती. रिकामी. ती तशीच आईच्या खोलीत गेली.

आई एक तुती जिभेवर घासत होती. नीट, कडेपर्यंत. मग तिने ती रुमालात थुंकली.

“आई!”

“अगं बाई, आज एवढ्या लवकर?” आईने रुमाल उशीखाली सारला, पण आता त्यात काही अर्थ नव्हता.

“काय चाललंय हे?”

“गिळवत नाही गं, बब्बड. पाण्याचा घोटसुद्धा अडतो.”

“मग सांगायचं ना मला! मी वेड्यासारखी दर आठवड्याला...”

“सांगितलं असतं तर आणायच्या बंद केल्या असत्यास. मग जॅम कशाचा करायचा?”

मुलगी स्टुलावर बसली. आतून पातेल्यात डाव फिरल्याचा आवाज येत होता.

“तूच म्हणाली होतीस,” आई थांबत थांबत म्हणाली, “हे काही बरं करायचं औषध नव्हे. झाला उपयोग तर रोग व्हायच्या आधी. माझी आई यातच गेली. मी निघालेच आहे. राहिलं कोण?”

“आई, तेसुद्धा सिद्ध झालेलं नाही. त्यात साखर घालून एवढं उकळल्यावर तर...”

“नसू दे. तू माझ्यासाठी आणत होतीस, तेव्हा कुठे सिद्ध झालं होतं?”

मुलीने तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताला आता वजनच उरलं नव्हतं.

बाबा दारात येऊन उभे राहिले. हातात बशी, बशीत पाव, पावावर गरम जॅम. चोरी पकडल्यासारखा चेहरा करून ते एकदा बायकोकडे, एकदा मुलीकडे बघत होते.

“दे तिला,” आई म्हणाली.

मुलीने डोळे पुसले आणि बशी घेतली. घास उतरत नव्हता, तरी तिने सगळा पाव संपवला.

“जीभ दाखव.”

तिने दाखवली. आईने चष्मा मागितला, डोळ्यांवर चढवला आणि बराच वेळ पाहत राहिली.

“शाबास,” ती म्हणाली आणि उशीला टेकली.