ब्याण्णव गुणांचा हात

गुडघ्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन करणारे डॉक्टर आता लातुरात गल्लोगल्ली झालेत. कोपराच्या वाटेला मात्र सहसा कुणी जात नाही. सांधा लहान, जागा अडचणीची आणि नसा अगदी खेटून. डॉक्टर महांतेश त्या वाटेला गेला आणि चार वर्षांत त्याने एकतीस कोपर मोकळे केले. दोन-तीन बारीक भोकं पाडायची, एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून अवजार, आणि सांध्यात अडकलेले हाडाचे खडे काढून टाकायचे. माणूस हुशार होता यात वाद नाही. त्यालाही ते चांगलंच ठाऊक होतं, हीच काय ती अडचण.

त्या शनिवारी नांदेडला हाडांच्या डॉक्टरांची सभा होती. ऑपरेशननंतर पेशंटचं पुढे काय झालं, हे महांतेशने तिथे सांगायचं होतं. त्यासाठी बारा प्रश्नांचा एक छापील कागद असतो. केस विंचरता येतात का, घागर उचलता येते का, घास तोंडापर्यंत जातो का, असले साधे प्रश्न. उत्तरांना गुण द्यायचे आणि शंभरातून बेरीज करायची. महांतेशने स्वतः बसून तीस जणांना फोन केले, तिसांचे तीस कागद भरले. एकोणिसाव्या पेशंटच्या नावापुढे मात्र लिहिलं, ‘संपर्क होऊ शकला नाही’. फोन नंबर तिथेच खाली स्वच्छ अक्षरात होता. त्याने तो लावलाच नव्हता.

एकोणिसावी पेशंट म्हणजे शिरूर अनंतपाळची शिवगंगा. वय अठ्ठावन्न, डावा कोपर अडकायचा. चौदा महिन्यांपूर्वी तिचं ऑपरेशन चालू असताना, सांध्याच्या आतल्या अंगाला, करंगळीची नस जाते तिथे, अवजार टेकलं आणि हिरव्या चादरीखालून बाहेर आलेल्या तिच्या हाताची करंगळी टुणकन उडाली. बाई गाढ भुलीत होती. बोटाने मात्र हाक दिली होती. समोर उभ्या नीलाबाई सिस्टरने मास्कवरून महांतेशकडे पाहिलं. काही नाही, चालू द्या, असं तो म्हणाला. ऑपरेशनच्या नोंदीत त्याने लिहिलं, गुंतागुंत नाही. दुसऱ्या दिवशी शिवगंगा म्हणाली की करंगळीला मुंग्या येतात. तेव्हा त्याने भुलीचा असर सांगितला, आठ दिवसांत जाईल म्हणाला. टाके काढून ती गेली आणि परत आली नाही. जो पेशंट परत येत नाही तो बरा झाला, अशी डॉक्टर लोक आपली सोयीची समजूत करून घेतात. महांतेशनेही करून घेतली.

पण ते बोट काही त्याला सोडेना. महांतेश लिंगायत घरातला. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून गळ्यातल्या चौक्यातलं, म्हणजे छोट्या डबीतलं, लिंग रोज सकाळी बाहेर काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, डोळ्यांसमोर धरायचं आणि एकटक बघत बसायचं, हा त्याचा नेम. त्याशिवाय अन्न नाही. आता नजर लिंगावर ठरेना. ती घसरून करंगळीवर जायची, आणि बघता बघता करंगळी गार पडायची, उडायची. आपलीच की तिची, हे क्षणभर कळायचं नाही. एका मित्राकडे जाऊन त्याने स्वतःच्या नसांची तपासणीही करून घेतली. सगळं ठणठणीत निघालं. मित्र हसला, महांतेश हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पुन्हा उडालं.

नांदेडच्या सभेत त्याचं भाषण छान झालं. टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतले साहेबराव सर उठले. त्यांनी मराठवाड्यातल्या निम्म्या हाडांच्या डॉक्टरांना शिकवलेलं. तीस जणांचं त्यांनी कौतुक केलं आणि साध्या आवाजात विचारलं, “एकतिसावा कुठंय?” महांतेशने सांगितलं की फोन लागला नाही. सर मान हलवत खाली बसले. त्यांनी आणखी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला गाडीत बसल्यावर फार वाटलं.

परतीच्या वाटेवर लोह्यात चहाला थांबल्यावर त्याने नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. शिवगंगाची सून उज्वला बोलत होती. तिने प्रश्न सासूला विचारून विचारून उत्तरं दिली. हाव, केस विंचरतात. हाव, घागर उचलतात. बरं हाय, साहेब, एकदम बरं हाय. बाराही प्रश्नांना बरं हाय. महांतेशने कागद गुडघ्यावर ठेवून बेरीज केली, ब्याण्णव. तिसांतसुद्धा इतके गुण फार थोड्यांना होते. चौदा महिन्यांचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं, चहाही गोड लागला. फोन ठेवता ठेवता, आपल्यातल्याच, लिंगायत, म्हणून त्याने कागदावर नसलेली एक गोष्ट विचारली. पूजा करतात ना रोज?

पलीकडे उज्वला हळू आवाजात म्हणाली, “पूजा बंद हाय त्यांची. लिंग हातावर ठरंना.”

केस उजव्या हाताने विंचरतात, तिने सांगितलं. घागर उजव्या हाताने कडेवर घेतात, घासही उजव्याच हाताने खातात. त्या छापील कागदाने डाव्या हाताचं कुठे काही विचारलंच नव्हतं. डाव्या हाताचं एकच मोठं काम होतं, आणि ते कागद तयार करणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? महांतेशला मात्र ते रोज सकाळी ठाऊक होतं. चहा त्याने तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच तो शिरूरला पोचला. शिवगंगा ओसरीवर शेंगा निवडत होती. डॉक्टर घरी आले म्हणून तिला कोण आनंद झाला. उज्वलाला चहा टाकायला सांगून ती पदर सावरत त्याच्यासमोर बसली. महांतेशने हात मागितला. तिने डावा हात पुढे केला, जरा लाजतच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. तळहाताच्या कडेचं मांस झडून गेलं होतं, त्यामुळे पंजा एका बाजूला उतरता झाला होता.

फोनवर सगळं बरं का सांगितलं, असं त्याने विचारलं. एवढं केलं तुम्ही, तुम्हाला वाईट वाटलं असतं, असं ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. ऑपरेशननंतर महिन्याभराने, पूजेला बसली असताना, लिंग करंगळीच्या बाजूने घरंगळलं आणि फरशीवर पडलं. तो आवाज अजून कानात आहे. जंगमांनी, म्हणजे घरच्या गुरूंनी, नवं बांधलं. तेही पडलं. तेव्हापासून चौका उघडलेला नाही. पूजा नाही तर जेवण कसं घ्यायचं, म्हणून दिवे लागेपर्यंत ती दुधावर राहते. उज्वला खालून हात धरते म्हणाली होती, पण जे आपणहून हातावरून उतरलं त्याला बळंच कसं धरून ठेवायचं?

“माझ्या हातून काहीतरी पाप घडलंय, साहेब,” शिवगंगा म्हणाली. “सापडंना. जावेशी वीस वर्षं अबोला होता, तिच्या पाया पडून आले. मेलेल्या सासूची माफी मागितली. शेजारणीला एकदा घालूनपाडून बोलले होते, तिचीबी मागितली. तुमी आपल्यातले, शिकलेले. तुमीच सांगा, काय चुकलं असंल माझं?”

भुलीचा असर म्हणून तिला गप्प करणारा माणूस तोच होता, आणि आत्ताही ती त्याच्याकडे तशाच भरवशाने बघत होती. वय, हाडांची झीज, नशीब, काहीही सांगितलं असतं तरी तिने मान डोलावली असती. मांडीवर ठेवलेल्या त्याच्या डाव्या हाताची करंगळी उडू लागली.

“मावशी, तुमचं काही चुकलं नाही,” तो म्हणाला. “माझं चुकलं. ऑपरेशनात माझं अवजार तुमच्या नसेला लागलं. तुमचं बोट उडालेलं मी पाहिलं होतं, आणि लपवलं.”

चहा घेऊन आलेली उज्वला दारातच थांबली. शिवगंगाने विचारलं, तेव्हाच सांगितलं असतं तर? दोन-तीन महिन्यांत नस मोकळी करून बघता आली असती, महांतेशने सांगितलं. आता नांदेडच्या सरांना दाखवू, करता येईल ते करू, पण हात पहिल्यासारखा होईल असं मला म्हणवत नाही.

“मंग मी वरीसभर माफी मागत कशापायी फिरले?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर महांतेशला सोसलं असतं.

ती उठली, न्हाणीत गेली. अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून बाहेर आली आणि पाटावर बसली. उजव्या हाताने तिने चौका उघडला. डावा तळहात समोर धरला, तो लगेच कलला. महांतेश न कळत पुढे सरकला आणि आधाराला त्याने आपला हात खाली नेला.

“तुमचा नको,” शिवगंगा म्हणाली. “उज्वला, तू ये.”

उज्वलाने जवळ बसून सासूच्या तळहाताखाली आपला तळहात लावला. काळंभोर लिंग हातावर बसलं. शिवगंगा बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. महांतेश भिंतीला टेकून बसला होता. उठून जावं असं त्याला वाटत होतं आणि उठवत नव्हतं. पूजा किती वेळ चालली, त्याने घड्याळ पाहिलं नाही.

चौका मिटून गळ्यात घातल्यावर शिवगंगाने दोन ताटं वाढायला सांगितली, एक स्वतःचं, एक त्याचं. दारी आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची त्या घरात रीत नव्हती. तिने भाकरी मोडली, पहिला घास खाल्ला आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, “काल फोनवर त्या कागदात माझं काय लिवलं?”

“ब्याण्णव,” महांतेश म्हणाला.

“ते खोडा. जेवण झाल्यावर, माझ्यासमोर.”

त्याने खिशातून कागद काढून ताटाशेजारी ठेवला आणि घास उचलला.