वरचा भाग बायकोचा

जेवणाची सुट्टी झाली की कवळीवाले काका हात धुवायचे, ॲप्रन दुकानातल्या खुंटीला अडकवायचे आणि रस्ता ओलांडून स्टेशनच्या मोठ्या दालनात जायचे. तिथं प्रवाशांसाठी एक जुना पियानो ठेवलेला होता. ज्याला वाटेल त्यानं वाजवावा. काका सकाळभर लोकांच्या कवळ्या घासूनपुसून जबड्यात बसतील अशा करायचे, आणि दुपारी त्याच बोटांनी वाजवायला बसायचे.

वाजवण्याचे त्यांचे स्वतःचे नियम होते. कुणी ताटकळत उभं दिसलं की उठायचं. गाडीची सूचना सुरू झाली की हात आवरायचे. आणि जवळच्या बाकावर कुणी फोन कानाला लावून रडत असेल, तर त्या दिवशी झाकण उघडायचंच नाही.

ते वाजवायचे ती रचना दोघांनी मिळून, चार हातांनी वाजवायची होती. काका बैठकीच्या डाव्या टोकाला बसून फक्त खालच्या सुरांचा भाग वाजवायचे. उजवी बाजू रिकामी. चहाच्या काउंटरवरच्या बाईंनी एकदा कारण विचारलं, तर ते म्हणाले, "वरचा भाग बायकोचा. ती इथं नसते."

ते खरंच होतं. ती घरी असायची. पियानो शिकवायची, आणि तिच्या विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात यंदा आपण दोघांनी वाजवायचं, असं तिनंच ठरवलं होतं. पण काका घरी सरावाला बसले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "तिसरं बोट, अहो, तिसरं!" मग काकांना पहिलं-दुसरंही आठवेना. म्हणून त्यांनी स्टेशन गाठलं होतं.

एका दुपारी ते वाजवत असताना एक तरुण मुलगी येऊन सरळ त्यांच्या उजवीकडे बसली आणि वरचा भाग वाजवू लागली. हात इतका तयार, की काका बघतच राहिले. मधेच थांबावं, तर बिचारी चारचौघांत तोंडघशी पडणार. न थांबावं, तर बायकोच्या जागी भलतंच कुणी. भिडेखातर ते वाजवत राहिले. लोक जमले, फोन वर झाले, टाळ्या पडल्या. मुलीनं त्यांचा हात हातात घेतला. "चहावाल्या बाईंनी सांगितलं. मला कळलं, काका," ती म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली. काय कळलं ते काकांना काही कळलं नाही.

ते संध्याकाळी कळलं. मेव्हणीचा फोन आला. काकांचा व्हिडिओ गावभर फिरत होता, आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं की हा माणूस आपल्या दिवंगत पत्नीची जागा रोज रिकामी ठेवतो.

"मी गेले म्हणे," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली आणि पोट धरून हसली. मग तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा पाहिला तेव्हा ती हसत नव्हती.

"तिच्याबरोबर एकदाही चुकला नाहीत."

"ती परकी," काका म्हणाले. "चुकलो असतो तरी माझं काय जाणार होतं?"

बायकोनं व्हिडिओ तिथंच थांबवला. तेव्हा काकांनी मनात खदखदत होतं ते बोलून टाकलं. व्हिडिओचं एवढं काही नाही. पण बसू का म्हणून त्या मुलीनं विचारायला हवं होतं.

"मी तरी कधी विचारलं?" बायको म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच दालनात हजर. ती मुलगीही तिथं होती. "मीच ती गेलेली," अशी बायकोनं ओळख करून दिली, तेव्हा चहाच्या बाईंच्या हातातला कप हिंदकळला आणि मुलीला तोंड कुठं लपवू असं झालं. व्हिडिओ तिनं काढला नव्हता, पण गोष्ट तिच्याच तोंडून पसरली होती. तिनं माफी मागितली आणि व्हिडिओखाली खुलासाही लिहिला. लोकांनी तो खोटा ठरवला. त्यांना मेलेली बायकोच जास्त आवडली होती.

"वाजवलंस मात्र सुरेख," बायको तिला म्हणाली. मग पियानोजवळ गेली. बैठकीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली.

"बसू?"

काका सरकले.

नेहमीच्या जागी ते नेहमीसारखे चुकले. बायकोचे हात पट्ट्यांवर थबकले आणि काकांना वाट सापडेपर्यंत तसेच थांबले. या वेळी कुणी जमलं नाही, कुणी फोन वर केला नाही. संपलं तेव्हा एक उंच गृहस्थ बॅग घेऊन बाजूला उभे होते. बायकोला अजून एकदा वाजवायचं होतं; काकांनी डोळ्यांनीच त्यांच्याकडे खूण केली, आणि ती नाइलाजानं उठली.

दुकानापर्यंत ती गप्पच होती. तिच्या जिभेवर काय आलंय ते काकांना पक्कं ठाऊक होतं. दारात तिला राहवलं नाही.

"ते मधलं तिसरं बोट..."

"उद्या सांग," काका म्हणाले.

"बरं, उद्या," ती म्हणाली. पण गेली नाही. इतक्या वर्षांत ती कामाच्या वेळी दुकानात कधी आली नव्हती. फळीवर मांडलेले प्लास्टरचे जबडे ती एकेक करून पाहू लागली, आणि हे कुणाचे, ते कुणाचे, असं विचारत बसली.