उशिरा पोचलेले सुतक

ज्याचे दुःख असते, त्याला ते वेळेवर मिळाले पाहिजे. ते वाटेत अडवून धरणाऱ्याच्या हातून अन्याय घडतो. आणि तो मायेपोटी घडलेला असल्यामुळे त्याला दोष देण्याचे बळही कोणात उरत नाही.

मुलुंडच्या एका चाळीत राहणाऱ्या गुणाजी परबांच्या हातून असे घडले. गिरणी बंद पडल्यावर ते एका कारखान्याच्या फाटकावर पहारा करीत. त्यांचा मुलगा जयवंत इथिओपियातल्या एका डोंगरगावी गणित शिकवायला गेला होता. तिथली आंबट पोळी आंबोळीसारखी लागते, असे तो लिही. पावसाळ्यात आठ-आठ दिवस मराठीतून कोणाशी बोलणे होत नाही, असेही लिही.

दिवाळीनंतर त्याची आई शेवंती तापाने गेली. गुणाजींनी तार लिहवून घेतली आणि फाडून टाकली. पाठीवर हात ठेवायला जिथे आपले माणूस नाही, तिथे पोर एकटे रडेल, हे त्यांना सोसवेना. शेवंतीला अक्षरओळख नव्हती. ती सांगे आणि मुलगी नंदा लिही. त्यामुळे पुढेही तिच्या नावाने पत्रे जात राहिली. अक्षर तेच, म्हणून जयवंतला शंका आली नाही.

श्रावणात तो वीस दिवसांच्या रजेवर आला. आई मालवणला माहेरी गेली आहे, असे त्याला सांगितले गेले. दुसऱ्याच दिवशी तिला आणायला म्हणून तो एस.टी.चे तिकीट काढून आला, तेव्हा नंदाने बापाला बजावले, की तुम्ही सांगितले नाही तर मी सांगीन. गुणाजींनी मग खाली मान घालून सारे सांगितले.

जयवंत रडला नाही. त्याने बॅगेतून पत्रांचा गठ्ठा काढला, तारखा लावल्या आणि दिवाळीनंतरची सहा पत्रे बाजूला ठेवली.

"बाबा, या सहा पत्रांतली आई कोण?"

"मीयाच रे, बाबू. तिचा बोलणा माका पाठ होता."

"यात लिहिलंय, थंडीत कानाला फडकं बांध. मी बांधत होतो, बाबा. वर्गात मुलं हसायची, तरी बांधत होतो."



भटजींना विचारले, तेव्हा ते म्हणाले, आई-बापाच्या बाबतीत वार्ता जेव्हा कळेल, तेव्हापासून पुत्राला दहा दिवस. घराचे सुतक केव्हाच फिटले होते. शेजारी सणाचे पुरण शिजत होते. जयवंत एकटाच कोपऱ्यात चटईवर बसला. तिसऱ्या दिवशी गुणाजींनी कामावर रजा टाकली आणि त्याच्या शेजारी दुसरी चटई अंथरली. त्यांना ते बंधन नव्हते. मुलाने त्यांना बस म्हटले नाही, ऊठ म्हणूनही सांगितले नाही.

दहाव्या दिवशी खाडीवर तिलांजली देताना त्याला अडलेले रडू आले. गुणाजींनी मागून त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याने राहू दिला. पण क्षमेचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही, आणि रजा संपताच तो परत गेला.

त्या दूरच्या डोंगरात त्याला झोप लागो. नंदाची लेखणी यापुढे खऱ्याचीच होवो. आणि त्या वृद्ध पित्याला, ज्याने मायेने चूक केली, त्याच मायेने शांती लाभो.