पदरातली बाळगोळी

मी कुरकुरणारी खाट बोलतेय. होय, कुरकुरणारीच! धुळ्याच्या एका लोहाराने मला घडवलं, लेकरू खाली पडू नये म्हणून चारी बाजूंनी कठडा लावला, पण एक खिळा मात्र ढिला ठोकला. तेव्हापासून लेकराने जरा पाय झाडला की मी कुर्र करते. १९३४ साली दोंडाईच्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात आले, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मला नावं ठेवली.

आमचे डॉक्टर हाताचे गुणी, पण जिभेचे तिखट. लेकराला घेऊन आलेल्या आईला पहिला प्रश्न, "घरी काय काय चाटवलंत? बोला!" असं डोळे वटारून विचारल्यावर कोण माउली खरं सांगेल?

कापूस वेचणीच्या दिवसांत शेवंताबाई आपल्या वर्षाच्या झुलालला घेऊन आली. पोराला खोकला फार. डॉक्टरांनी दरडावल्यावर तिनेही मान हलवली, "काहीच नही, साहेब." त्यांनी खोकल्याचं औषध पाजलं आणि पोराला माझ्यावर निजवलं. त्यात थोडी अफू असते.

आता आमच्याकडची रीत ऐका. वेचणीला जाताना आया लेकराला बाळगोळी देतात. तीही अफूचीच. लेकरू बांधावर झोपतं, आईचे हात मोकळे होतात. शेवंताबाईच्या पदराच्या गाठीतही ती होती. दुपारी झुलाल रडू लागला, शेजारच्या बायका कटकट करू लागल्या, तशी तिने हळूच अर्धी गोळी चाटवली. अफूवर अफू! मी सगळं डोळ्यांनी पाहत होते, पण लोखंडाला कुठलं तोंड?

पोर गपगार झालं, आणि मीही.

"ही खाट आज गप्प कशी?" म्हणत नर्स कुंदाबाई धावत आल्या. झुलालचा श्वास अगदी मंद, ओठ निळसर.

"काय दिधं वं माय?" त्यांनी हळूच विचारलं. "घाबरू नको. मन्ही मायबी माले बाळगोळीच देये. कितली दिधी, इतलंच सांग."

"अर्धी. रडी राहिंता म्हनीसन दिधी," म्हणत तिने हंबरडा फोडला.

डॉक्टर आले, सुई टोचली, "झोपू देऊ नका" म्हणाले. मग दोघी तळव्यांना टिचक्या काय मारतात, तोंडावर पाणी काय शिंपडतात! माझा जीव टांगणीला लागलेला. दिवेलागणीला झुलालने पाय झाडला. कुर्र! स्वतःचा आवाज मला इतका गोड कधी वाटला नव्हता.

आपल्या धाकामुळेच गोळी पदरात लपली, हे कळल्यापासून डॉक्टर स्टूल ओढून बसतात आणि सासुरवाशिणीची चौकशी करावी तसं मायेने विचारतात. मग पदराच्या गाठी आपोआप सुटतात.

आता माझा रंग उडालाय, एक पाय वाकलाय. पण अजून लेकरं सांभाळते. आयांनो, घरचं औषध दिलं असेल तर लपवू नका. डॉक्टरसाहेब, तुम्हीही रागावू नका. आणि लेकरू रडलं तर कपाळाला आठ्या घालू नका. त्या संध्याकाळी झुलालने असं भोकाड पसरलं की शेजारची बाई ओरडली, "चूप कर वं त्याले!"

शेवंताबाई डोळे पुसत हसली. "रडू द्या त्याले," ती म्हणाली, "आज मन्ही दिवाळी शे."