परतीचं पेट्रोल

काटेमास्तरांनी डिकीतली लोखंडी घडीची खुर्ची बाहेर ओढली, हातातल्या ताणकाट्याला अडकवली आणि डोळे बारीक करून आकडा पाहिला.

"साडेचार किलो. तीन वर्षं आपण हिला फुकट फिरवतोय."

"तिच्यावर बसतं कोण? तुम्हीच ना?" बायको पायरीवरून म्हणाली.

गोदामाच्या वजनकाट्यावर मास्तरांनी चौतीस वर्षं ट्रक तोलले होते. 'काटेमास्तर' हे नाव तिथलंच. निवृत्त झाले तरी नाव काही निवृत्त झालं नाही. गेले पंधरा दिवस ते सासुरवाडीच्या प्रवासाचा हिशेब मांडत होते. तीनशे दहा किलोमीटर. गाडी म्हातारी, लिटरला सोळा देणारी. तिच्याकडून एकोणीस काढून दाखवायचे, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. टपावरचा कॅरिअर उतरला होता, चाकांत हवा भरून झाली होती, आणि आता डिकीची पाळी होती.

"एसी तरी लावणार ना?"

"एसी पेट्रोल खातो."

"मग खिडक्या उघडू."

"खिडक्या उघडल्या की वारा गाडीला मागे ओढतो."

"मग काय, श्वास रोखून बसू?"

"सकाळी साडेपाचला निघू," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "गारव्यात."

ती हसली, पण मनात कुठेतरी चिडलीही. तिच्या डोक्यात पेट्रोल नव्हतं, आई होती. एकोणऐंशी वर्षांची, एकटी राहणारी. दोन महिन्यांत दोनदा गॅस चालू ठेवून झोपलेली. तेही शेजारणीने फोन करून सांगितलं म्हणून कळलं. आमच्याकडे राहायला ये, असं तिने आईला तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं होतं: "मला कुणाला ओझं व्हायचं नाही." टेलिफोन खात्यात उभ्या हयातीत तिने हजारो लोकांची बोलणी जोडून दिली होती. स्वतःच्या आईपुढे मात्र त्या एका वाक्यानंतर तिची लाइन कटायची. नवऱ्याने तर या विषयावर चकार शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते पहाटे निघाले. मास्तर ॲक्सिलरेटरवर असा पाय ठेवत होते, जणू खाली अंडं आहे. ट्रक पुढे गेले, बस पुढे गेली, शेवटी एक ट्रॅक्टरही हॉर्न वाजवत पुढे गेला आणि त्याच्या ट्रॉलीत बसलेल्या बायकांनी हात हलवला. तिनेही हलवला. रेल्वेच्या फाटकाशी मास्तरांनी इंजिन बंद केलं. त्या शांततेत कुठूनतरी पाखरांचा कलकलाट ऐकू आला आणि आपला राग केव्हा निवळला, ते तिला कळलंही नाही.

आईच्या गावात शिरण्याआधी पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. साडेसोळा लिटर मावलं. मास्तरांनी भागाकार केला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अठराच्या वर गेली, पण एकोणीस नाही. कुठंतरी चुकलंय."

आईने दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात शिवणाची टेप होती. डोळे अधू झाले तरी ती अजून गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवत होती. लेकीला तिने घट्ट धरलं. लेकीच्या हाताला तिचे खांदे पूर्वीपेक्षा अरुंद लागले.

चहा झाल्यावर मास्तर पुन्हा कागद घेऊन बसले. आई थोडा वेळ पाहत राहिली.

"जावईबापू, कसला एवढा हिशेब?"

"पेट्रोलचा. पाव लिटरला काही केल्या मेळ बसत नाही."

"बघू."

तिने चष्मा पुसून कागद खिडकीपाशी नेला. आयुष्यभर तिने अडीच मीटर कापडात तीन मीटरचं काम बसवलं होतं. काटकसरीचा कागद तिला वाचता येत होता. बोट ओळीओळीने खाली सरकलं.

"चढ कुठं धरलाय? तुमच्याकडून इथवर सगळा चढच आहे. जाताना उतार लागेल, तेव्हा मिळेल की तुमचा पाव लिटर परत."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. लेक मोठ्याने हसली. आईचं बोट मात्र कागदाच्या तळाशी थांबलं होतं.

"परतीच्या गाडीत हे सत्तेचाळीस किलो काय आहे? येताना तर नव्हतं."

मास्तरांनी रिकामा कप उचलला, आत पाहिलं, परत ठेवला.

लेकीने कागदावर वाकून पाहिलं. परतीचा रकाना वेगळा होता. सत्तेचाळीस किलो जादा. त्यापुढे, जादा पेट्रोल: अर्धा लिटर. खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"तुम्ही म्हणता ना, ओझं होईल," मास्तर कपाकडे बघतच म्हणाले. "म्हणून म्हटलं, किती होतंय ते काढून तरी बघावं. अर्ध्या लिटरच्या वर जात नाही. तेही मी सगळं जरा जास्तच धरलंय."

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

आई उठली. शिवणयंत्राच्या खणातून तिने कापडावर खुणा करायची पेन्सिल काढली, कागद मांडीवर सपाट केला आणि सत्तेचाळीसवर एक बारीक रेघ मारली.

"तुमचा अंदाज जुना आहे," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात दवाखान्यात वजन केलं. चव्वेचाळीस."

तिने नवा आकडा लिहिला आणि कागद जावयाच्या हाती दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी घराला कुलूप लागलं. शिवणयंत्राचं डोकं कपड्यात गुंडाळून मास्तरांनी स्वतः मागच्या सीटवर ठेवलं. ते किती किलोचं, हे त्यांनी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. लेक त्याच्या शेजारी अंग चोरून बसली, कारण पुढची जागा आईने घेतली होती.

गाव संपलं आणि घाट लागला. मास्तरांनी गाडी गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. इंजिनाचा आवाज खाली बसला. नुसती चाकं सरसरत राहिली. पहिल्या वळणावर आईने दाराची कडी घट्ट धरली. दुसऱ्या वळणावर सोडली.

"आता पेट्रोल लागत नाहीये?"

"थेंबभरसुद्धा नाही."

तिने खिडकीची काच खाली केली. वारा आत घुसला, तिचे पांढरे केस विस्कटले. मास्तर काचेकडे पाहून काहीतरी बोलणार होते, बोलले नाहीत. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"त्याला जाऊ द्या पुढे," आई वाऱ्यात मोठ्याने म्हणाली. "आपल्याला कसली घाई आहे?"